डॅकमधली घूं

निवृत्तीनंतर मी स्वतःचा एकच लाड केला, डॅक घेतला. कॉम्प्युटरमधलं गाणं आकड्यांत असतं, ते ही डबी स्पीकरला कळेल असं करून देते. आयुष्यभर फायली ढकलल्या, आता फक्त ऐकायचं, असं ठरवलं होतं.

यूएसबीची वायर लावली आणि गाण्याच्या मागे बारीक घूं सुरू झाली. दोन गाण्यांमधल्या शांततेत ती जास्तच छळायची. बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराने सांगितलं, यूएसबीतून कॉम्प्युटरची गडबड आत शिरते, कोॲक्सियल वायर लावून बघा. लावली. घूं तशीच. मग वाटलं, अर्थिंगचं काम असणार. मे महिन्यात आमच्याकडे जमीन इतकी वाळते की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. मी भर उन्हात मिठाच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या. शेजारी बघत होते. बघू देत.

दर वेळी बायकोला जवळ बसवून विचारायचो, घूं येते का. नीट ऐकू यावं म्हणून कूलर बंद. घामाने निथळत ती म्हणायची, हो, थोडी येते खरी. तेवढ्यानेही मला धीर यायचा. दोष वायरीत होता, आणि वायर बदलता येते.

शेवटी ऑप्टिकल आणली. तिच्यातून वीज जातच नाही, नुसता उजेड जातो. घूं यायला वाटच नाही.

घूं आली. मी स्पीकर बंद केले, डॅकचा प्लग काढला, घराचा मेन स्विच पाडला. घूं चालूच.

"तुले अजून येऊन राह्यली का वं?"

तिने पदराने मान पुसली. "मले कधीच आली नाही. तुम्हाले कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, हे मी दिवाळीपासून पाहून राह्यली. तुम्ही वायरीच्या मागे लागले, तर म्हटलं, देवा, वायरीचंच निघू दे."

मला तिचा राग आला नाही. भीती वाटली.

तिने मेन स्विच वर केला, कूलर लावला, डॅकचा प्लग लावला, कॉम्प्युटर आणि स्पीकर सुरू केले. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. कूलरच्या घरघरीत माझी घूं बुडाली आणि जरा बरं वाटलं. मी म्हटलं, आता एखादं गाणं लाव.

"केव्हाचं लावलं आहे," ती म्हणाली.