बसून न सुचणारं इंग्रजी

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाल्या मावशींना मोठ्या हॉटेलात धुलाईची मुकादम व्हायचं होतं. त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा होती. मावशी दोनदा नापास झाल्या होत्या आणि ही शेवटची संधी होती.

अभ्यास चाले तो कामाच्या ओघात. 'रन' या एका शब्दाचे अर्थ त्यांनी हातांनीच पाठ केले होते. नळाचं पाणी वाहतं ते रन, मशीन चालतं ते रन, लाल कपड्याचा रंग चादरीवर उतरतो तेही रन.

"आणि पळणं?" मावशींचे यजमान, आमचे काका, चिडवत.

"ते मी काम सांगितलं की तुम्ही करून दाखवताच!"

परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी नेमके 'रन'चेच अर्थ विचारले. मावशी खुर्चीत हात जोडून बसलेल्या, आणि तोंडातून अक्षर फुटेना. मागे दोनदा हेच झालं होतं.

"मॅडम, उभी राहू का? बसून मला काही सुचत नाही."

"राहा की!"

मावशींनी हवेतच नळ सोडला, मशीनचं बटण दाबलं, डागाळलेली चादर उचलून कपाळावर हात मारला. प्रत्येक हालचालीबरोबर खणखणीत इंग्रजी वाक्य बाहेर पडलं. दुकान चालवणं सांगताना त्यांनी शटर असं वर ढकललं, की बाहेर बसलेले काका दारातून डोकावले.

"मावशी, पुरे! पास झालात!" मॅडम हसत म्हणाल्या.

"थांबा हो, अजून नाक वाहायचं राहिलंय," म्हणत मावशींनी रुमाल काढला.