जिनिंगवरच्या बायांची बाई

ती एसटीत कंडक्टर होती. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून एका संस्थेत जाऊन कापसाच्या जिनिंगवर आलेल्या बिहारी मजूर बायांचं दुखणंखुपणं पाहू लागली. अजूनही भरल्या बसमध्ये असल्यासारखी ओरडून बोलते. चहासुद्धा उभ्यानंच पिते. मला तिचा आवाज सोसत नाही.

परवा सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत मी पहिली होते. ती जिनिंगवरच्या, दिवस भरलेल्या एका पोरीला धरून आली आणि तिला माझ्या शेजारी उभी करून खिडकीत वाकली.

खिडकीतला माणूस म्हणाला, "आधारकार्ड?"

"तिकडं गावाला राहिलंय. आधी पोट बघा, कार्ड मंग बघा."

"नातेवाईक कोण?"

"मी हाय की आई. लिहा माझं नाव."

मागून एकजण म्हणाला, "बाहेरच्यांनी घुसायचं अन् आमी रांगेत मरायचं!" दोघीतिघी हसल्या.

ती माझ्याकडं वळली. "काकू, तुमाला बी लेकरं झालीत ना? मंग काय बघायलात? सरका!"

मी सरकले. खिडकीतल्यानं केसपेपर फाडून तिच्या हातात दिला.

मला मागून बोलणाऱ्याचा राग आला, हसणाऱ्या बायांचा आला. सगळ्यात जास्त माझा आला. ती पोर माझ्या खांद्याला टेकून कण्हत होती आणि मी माझा नंबर धरून उभी होते.