लाल दोऱ्याचा पट्टा

तीन ऑक्टोबर १९७०, शनिवार. सौदा ठरला चार हजार तीनशे पन्नास लिरांना. चार हजार पट्ट्याचे आणि वरचे साडेतीनशे, म्हातारा मेनेगो म्हणाला, "तुझ्याशी घासाघीस करून घसा कोरडा पडला, त्याचे." बोर्तोलो मुनारीच्या पाकिटात हजाराच्या चारच नोटा होत्या. उरलेले पुढच्या रविवारी देतो, असे सांगून त्याने पट्टा वर्तमानपत्रात गुंडाळला.

इटलीतल्या आसियागोच्या पठारावर मेनेगोसारखे बरेच होते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा डोंगरात धान्य कमी आणि लोखंड जास्त उरले होते. ते उकरून, वजनावर विकून त्यांनी संसार केले. त्यांचा एकच अलिखित नियम होता : हाडे चर्चची, धातू सापडेल त्याचा. हा पट्टाही मेनेगोला त्या उन्हाळ्यात ओर्तिगारा डोंगराच्या एका थंडगार कपारीत, हाडांसकट मिळाला होता. हाडे त्याने पोत्यात घालून पाद्रीबुवांकडे पोचवली. त्यांनी ती दफनभूमीच्या कोपऱ्यात पुरली आणि क्रूसावर लिहिले, 'अज्ञात ऑस्ट्रियन सैनिक'.

बोर्तोलो दूध सोसायटीत कारकून होता. त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात एकोणीस पट्टे ओळीने टांगलेले होते. "लग्नातल्या बशा पेटीत आणि मेलेल्यांचे पट्टे काचेत!" त्याची बायको एल्विरा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. तो मनावर घेत नसे.

नव्या पट्ट्याचे पितळी बक्कल सुरेख होते, ऑस्ट्रियाचा दोन डोक्यांचा गरुड अगदी स्पष्ट. कातडे मात्र कडक होऊन चिरलेले. आतल्या बाजूला लाल दोऱ्याने काहीतरी शिवलेले होते. कुणीतरी केलेली ओबडधोबड दुरुस्ती असेल, असे त्याला वाटले. त्याच्याजवळ दुसरे एक चांगले कातडे होते, बक्कल तुटलेले. सगळे संग्राहक करतात तेच त्याने केले : चांगले बक्कल चांगल्या कातड्याला लावून पट्टा पूर्ण केला. जुन्या कातड्याचा धड तुकडा मेव्हण्याने गाईच्या गळ्यात घंटा बांधायला मागून नेला. बाकीचे चुलीत गेले.

रविवारी मेनेगो मुलीच्या गावी गेलेला होता. मग बर्फ पडले आणि ते साडेतीनशे लिरा मागे पडले.

पुढच्या ऑगस्टमध्ये मेनेगो एका पन्नाशी उलटलेल्या बाईला घेऊन दारात उभा राहिला. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सहून बापाच्या शोधात आली होती, नाव हेर्मिने. मेनेगोने तरुणपणी तिकडच्या वीटभट्ट्यांवर काम केले होते, त्यामुळे तोडकीमोडकी जर्मन तोच बोलत होता.

"हिचा बाप खोगिरं शिवायचा. सतरा साली ओर्तिगारावर गेला तो गेलाच. आपल्या पट्ट्याला आतून नावाची अक्षरं शिवली होती त्यानं, लाल दोऱ्यानं. मी म्हटलं, बाई, तो पट्टा तर आमच्या बोर्तोलोकडे जपून ठेवलाय. काढ बघू!"

बोर्तोलोने कपाट उघडले. बाईने बक्कलाकडे पाहिलेच नाही. कातडे उलटून अंगठ्याने चाचपले. आत काही नव्हते.

त्याने खरे ते सांगितले. मेव्हण्याकडेही जाऊन आला. ती गाय मार्चच्या बाजारात घंटेसकट विकली गेली होती.

मेनेगोने त्याला बाजूला घेतले. "पाद्रीबुवा म्हणतात, वाचता येणाऱ्या एका माणसानं अक्षरं पाहिल्याचं लिहून दिलं, तर क्रूसावर नाव घालतो. मला कुठं वाचता येतं? तूच पाहिलंस ते."

"आ आणि पी होतं का?" बाईने विचारले. बापाचे नाव आलोइस पिख्लबाउअर. मेनेगोने भाषांतर केले आणि हळूच मान हलवली, म्हणजे हो म्हण.

बोर्तोलोने डोळे मिटून आठवून पाहिले. लाल टाके आठवले. अक्षरे आठवेनात. आयुष्यभर दुधाचे माप त्याने कधी अंदाजाने लिहिले नव्हते.

"लाल दोरा होता," तो म्हणाला. "अक्षरं मी पाहिली नाहीत, काका. नीट बघितलंच नाही."

बाईने मान डोलावली. बक्कल देऊ केले तर तिने घेतले नाही. असली हजारो असतात, म्हणाली. निघण्यापूर्वी दफनभूमीच्या कोपऱ्यात जाऊन ती त्या क्रूसापाशी बराच वेळ उभी होती. गुडघे टेकावेत की नाही, हे तिचे ठरत नव्हते.

"खरं बोललास, शाबास!" बस गेल्यावर मेनेगो म्हणाला. "पण खरेपणा गेल्या ऑक्टोबरात कुठं होता? तेव्हा एकदा उलटून वाचलं असतंस तर?"

त्यानंतर बोर्तोलोने एकही पट्टा घेतला नाही. रविवारी प्रार्थनेहून परतताना तो कोपऱ्यातल्या क्रूसाजवळून मुद्दाम जाई, आणि 'अज्ञात' हा शब्द मात्र प्रत्येक वेळी नीट वाची.

सप्टेंबरात तो साडेतीनशे लिरा घेऊन मेनेगोकडे गेला. म्हाताऱ्याने दार उघडले, पैशांकडे पाहिले. "ठेव तुझ्याकडेच," म्हणाला आणि दार लावून घेतले.

मेनेगोचे साडेतीनशे लिरा अजून द्यायचे आहेत.