पाकिटावरचा आकडा

परदेशात, मिल्टन गावातल्या आमच्या नव्या घराच्या जिन्याला तेरा पायऱ्या होत्या आणि त्या वर्षी त्यांतली एकही मला चढता येत नव्हती. आजारपणाने पायांचे स्नायू असे आखडायचे, की चार महिने मी खाली सोफ्यावरच झोपत होते. मला वरच्या खोलीतला माझा पलंग परत हवा होता. बाकी सगळं नंतर.

डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली, सरकारी परवाना आला आणि बेसमेंटमध्ये औषधापुरता गांजा लावायची मुभा मिळाली. पुण्याला आईशी फोनवर बोलताना मी त्याला ‘झाडपाल्याचं औषध’ म्हणायचे. नवऱ्याने बिया टपालाने मागवल्या. पाकिटावर रंगीत फोटो आणि त्याखाली झाड किती जहाल निघेल त्याची टक्केवारी, दशांश चिन्हासकट. त्या दशांश चिन्हावर माझा नवरा भाळला. हा माणूस वॉटर्लूच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा, पण छापील आकडा दिसला की हात जोडायचा.

धूर ओढणार नाही, हे मी आधीच बजावलं होतं. म्हणून वाळलेली फुलं तुपात कढवायचं ठरलं. पाकिटावरच्या आकड्यावरून त्याने माझा डोस काढला: दीड चमचा. पहिल्या झाडाचं तूप भातावर घालून खाल्लं, काहीही झालं नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या झाडाचं खाल्लं. बी त्याच पाकिटातलं, चमचाही तोच. तासाभरात भिंती सरकायला लागल्या. अख्खी दुपार मी सोफ्याची कड धरून होते आणि मला भयंकर भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने बियावाल्याला फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “दॅट्स अवर बेस्ट प्लँट, सर. युअर्स मे व्हेरी.” म्हणजे आकडा त्यांच्या सगळ्यात उत्तम झाडाचा; आमचं कमी-जास्त कसंही निघू शकतं.

“सगळं फेकून देतो,” फोन ठेवून नवरा म्हणाला. “एवढी रिस्क नको.”

माझं डोकं फिरलं. “फेकायचं तर ते पाकीट फेक. नवीन तिखट घरात आलं की आपण काय करतो? दुकानदार म्हणतो म्हणून आमटीत दोन चमचे घालतो का? चिमूटभर घालतो, चव बघतो, मग पुढचं ठरवतो.”

त्याला पटलं; तो रिकाम्या बरण्या शोधायला उठला.

मग प्रत्येक झाडाचं तूप वेगळ्या बरणीत भरलं आणि बरण्यांना नंबर दिले. फक्त शनिवारी, तो घरी असताना, पाव चमच्यापासून सुरुवात. मी वहीत लिहायचे, तो समोर घड्याळ घेऊन बसायचा. पहिल्या बरणीने शेवटपर्यंत काही केलं नाही. दुसरीचं झाकण मी पुन्हा उघडलंच नाही. तिसरीचा पाव चमचा कमी पडला, म्हणून पुढच्या शनिवारी अर्धा घेतला. दोन तासांनी डोकं जागेवर होतं आणि पाय सैल पडले होते.

मी उठले आणि जिन्याचा कठडा धरून चढायला लागले. तो मागून दोन्ही हात पसरून येत होता. हात लावलास तर बघ, म्हटलं. वर पोचायला बराच वेळ लागला. माझ्या पलंगावर बसले आणि पोटभर रडले.

सोमवारी संध्याकाळी तो ऑफिसातलं लेबल छापायचं यंत्र घेऊन आला. “तीन नंबरवर किती टक्के लिहू?”

मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि बरणीवर स्वतःच्या हाताने लिहिलं: अर्धा चमचा, तेरा पायऱ्या.