दिवस मावळायच्या आतली थेरपी

"समताची केस बंद करू या," सर म्हणाले.

तेव्हा समता माझ्या खोलीतल्या चटईवर पाय फाकून बसली होती. समोर हातभर अंतरावर चेंडू होता. तिने चेंडूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. म्हणजे, उचल मला.

सर आमच्या टिळकवाडीतल्या थेरपी सेंटरचे प्रमुख. "इतके महिने झाले, फरक नाही. वेटिंगवर दुसरी मुलं आहेत," ते म्हणाले. त्यांचं काही चुकत नव्हतं.

तुम्ही दोघं नातवंडं फोनवर विचारता, की आजी खेळण्यांच्या खोलीत बसून कसली नोकरी करते. तर आधी ते सांगते. डाऊन सिंड्रोम हा आजार नाही. अशा मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्तीचं असतं. त्यांचे स्नायू सैल असतात, सांधे फार वाकतात. त्याला आम्ही लो टोन म्हणतो. ही मुलं बसतात, चालतात, बोलतात, पण उशिरा, आणि सराव जास्त लागतो. तो सराव अगदी लहानपणीच सुरू करायचा, याला अर्ली इंटरव्हेन्शन म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे मूल आठवड्यातून एकदा, तासभर येतं. बाकी सगळा आठवडा घरच्यांचा. त्यासाठी आम्ही जे लिहून देतो तो होम प्रोग्रॅम.

समता दोन वर्षांची होत आली होती. हृदय आणि थायरॉइड तपासून झालं होतं, दोन्ही ठीक. तरी ती रांगत नव्हती, धरून उभी राहत नव्हती. तिची आई सुजाता निपाणीजवळच्या एका गावातून तिला बसने घेऊन यायची.

"मॅडम, केस बंद केली तर परत घरातनं सोडणार न्हाईत मला," ती म्हणाली. "सासरे आधीच म्हणत्यात, कशाला हेलपाटे."

"घरी व्यायाम घेतेस का?"

"घेते की. पर चटईवर ठिवली की कोण ना कोण उचलतंयच."

मी सरांकडून मुदत मागितली. "पावसाळा संपेपर्यंत," ते म्हणाले. "पुढे नाही."

त्याच शनिवारी मी सुजाताच्या घरी गेले. जैन शेतकरी कुटुंब, ऊस, दुभती जनावरं, तीन संसार एका चुलीवर नांदणारे. मी दुपारभर एका खुर्चीत बसून नुसतं पाहत होते. समता आजीच्या कडेवरून चुलतीच्या कडेवर गेली, तिथून आत्याच्या मांडीवर, तिथून आजोबांच्या खांद्यावर. तिचे पाय फरशीला लागलेच नाहीत. कडेवर पाय फाकलेले, आणि मुळातच सैल. त्या पायांना अंगाचा भार कसा असतो ते कळणार कधी?

तिच्या आजोबांना सगळे आप्पा म्हणत. त्यांना मी हे सांगितलं.

"बाई, खाली ठिवली तर गाव काय म्हणंल?" ते म्हणाले. "अधू पोर म्हणून टाकलीया म्हणंल. आमच्यात हात काय कमी हायत व्हय? तिला चालायची गरजच काय?"

"तुम्ही जन्मभर उचलणार?"

"मी न्हाय तर पोरं उचलतील."

प्रेमाला विरोध कसा करायचा हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

मी निघणार, तर आक्का, म्हणजे समताच्या आजी, म्हणाल्या, "जेवून जावा. दिवस मावळायच्या आत आमचं उरकतंय."

जैनांच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे बायका मागाहून बसतील अशी सोय नसते. भाकऱ्या, दोडक्याची भाजी, गूळ-तूप मधोमध मांडून लहानथोर सगळे एकदमच पंगतीला बसले. समताला शेवटी कुणीतरी भिंतीशी टेकवून ठेवलं, कारण आता प्रत्येकाचा हात खरकटा होता.

तिने हात वर केले. कोणी उठलं नाही. मग तिने भोकाड पसरलं.

आप्पा उठू लागले. "रडतीया की पोर."

"रडू दे," मी म्हणाले. "तुम्ही जेवा. दिवस चाललाय."

त्यांनी दारातून उन्हाकडे पाहिलं आणि परत बसले.

समता थोडा वेळ रडली. मग तिला आप्पांच्या ताटातला गूळ दिसला. रडं थांबलं. ती पुढे वाकली, दोन्ही हात फरशीवर टेकवले आणि बूड घासत निघाली. मधे थांबली, कोणी उचलतंय का पाहिलं, पुन्हा निघाली. ताटापाशी पोचून तिने गुळाचा खडा मुठीत घेतला. पंगतीत कोणी घास घेत नव्हतं.

"आयला," आप्पा म्हणाले. "ही तर चोर निघाली."

सोमवारी सरांनी विचारलं, "होम प्रोग्रॅम काय दिलात?"

"जेवण."

"कोणाचं?"

"सगळ्यांचं. दोन्ही वेळच्या पंगतीत तिला जमिनीवर ठेवायचं. ताटं उचलेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

सरांनी फाइलमध्ये 'फ्लोअर टाइम' असं लिहिलं. ते शोभून दिसलं.

त्यानंतर आम्ही गूळ लांब नेत गेलो. ती रांगू लागल्यावर आप्पांचं ताट चौरंगावर ठेवायला लावलं, म्हणजे तिला धरून उभं राहणं भाग पडावं. मग भिंतीकडेने बाक लावला. बाक धरून बाजूबाजूला पावलं टाकायची, त्याला आम्ही क्रूझिंग म्हणतो. आक्कांनी मधे एकदा बंड केलं, "पडली तर?" सुजाताने पहिल्यांदाच सासूला उत्तर दिलं, "पडू द्या आत्ती. उठंल."

पावसाळा संपता संपता सुजाताचा फोन आला. समता बाक सोडून, मधली मोकळी फरशी ओलांडून, एकटी आप्पांच्या ताटापर्यंत चालत गेली होती. आप्पांनी जेवण तसंच टाकलं आणि गावभर सांगत सुटले. दिवस मावळला, ते त्या रात्री उपाशी झोपले.

पुढच्या आठवड्यात समता सेंटरच्या दारातून स्वतःच्या पायांनी आत आली, सरांच्या टेबलापर्यंत गेली आणि त्यांचं पेन घेतलं. सरांनी ते परत मागितलं नाही. केस चालू राहिली. आता ती अंगणवाडीत जाते, आणि आप्पांची तक्रार अशी, की पोरगी एका जागी बसत नाही, तिच्यामागं पळून गुडघे गेले. गुडघ्यांचे व्यायाम मी त्यांनाही लिहून दिले आहेत. ते करत नाहीत.

तेव्हापासून मी कुठल्याही घराला तिथे एकदा जेवल्याशिवाय होम प्रोग्रॅम लिहून दिलेला नाही. मुलांना त्याचा उपयोग झाला. माझं वजन मात्र वाढलं.