दीपमालाचा मळ अन् माझा साबण

मले घाण पाहवत नाई, हे आधीच सांगून ठेवते. आमचे भगवंतराव म्हणतात, हिच्यासमोर म्हैस उभी केली तर ही तिलेही घासून पांढरी करील. म्हणू द्या. चाळीस वर्षं ह्या घरातले कपडे मी धुतले, कोणाच्या कॉलरवर रेघ ठेवली नाई. पण सांगायचं हाय ते माझं नाई, दीपमालाचं.

दीपमाला ही बुलढाण्याच्या नारायणराव टेलरची पोरगी. बापाच्या दुकानात शिवणं शिकली, अन् नऊ वर्षांआधी मुंबईले सिनेमाच्या कपड्यांच्या कामाले लागली. यंदा दिवाळीनंतर आमच्या बीबी गावच्या शिवारात जुन्या काळच्या एका शेतकऱ्याच्या सिनेमाचं शूटिंग लागलं. अडीच महिन्यांचा मुक्काम. बाकी मंडळी मेहकरच्या लॉजवर उतरली, पण हिले मशीन ठेवाले जागा अन् कपडे टांगाले अंगण पाहिजे होतं, म्हणून तिनं आमची मागची खोली घेतली.

पहिल्याच दिवशी तिनं मले सांगितलं, "काकू, आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या हाताखाली होते. ह्या सिनेमात कपड्यांची सगळी जबाबदारी पहिल्यांदाच माझ्यावर हाय. हे नीट पार पडलं तर पुढं नाव होईल. नाई तर परत बटणं लावत बसावं लागेल."

पोरगी बोलकी, पण कामाले वाघ. संध्याकाळी जेवताना मोबाईलवर कुठकुठले सिनेमे पाहे, आमच्यासंगं मालिकाही पाहे, अन् एका वहीत काहीबाही लिहून ठेवे. मी पुसलं, तर म्हणे वर्षाची यादी. त्यांच्या घरची ती रीतच हाय. एकतीस डिसेंबरले नारायणराव दुकान लवकर आटोपतात अन् कापड बेतायच्या टेबलावर टेलरच्या खडूनं वर्षभरात आवडलेल्या दहा गोष्टी लिहितात. सिनेमा, नाटक, कीर्तन, टीव्हीवरचं काही, जे मनाले भावलं ते. मग पोरगी तिची यादी वाचते अन् दोघं नंबरावरून भांडतात. मुंबईले गेली तरी फोनवर भांडण चालूच.

"मग तुझा सिनेमा लिहीत असतील एक नंबरवर," मी म्हटलं.

"नऊ वर्षांत एकदाही नाई." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "बाबा म्हणतात, तुझ्या सिनेमात कपडे लक्षातच येत नाईत, तर लिहू काय?"

मले तो माणूस तेव्हाच खडूस वाटला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी शूटिंग लवकर संपलं. रविवारी सुटी होती. दीपमालानं एक गाठोडं आणून माझ्या हाती दिलं अन् म्हणाली, "काकू, बाबाले भेटून उद्या दुपारी येते. तेवढं हे सांभाळा. सोमवारी सकाळी माझं सगळं ह्याच्यावरच हाय." अन् बसस्टँडवर पळाली.

रविवारी सकाळी मी गाठोडं उघडलं. माय वं! दोन सदरे, दोन धोतरं, अन् त्यायची अशी दशा की हात लावाले किळस यावा. घामाचे पिवळे डाग, पाठीवर माती, खांद्यावर तेल, खिसा फाटून लोंबून राह्यलेला. मले वाटलं, बिचारीले कामापुढं धुवाले वेळ भेटला नाई. सोमवारी सगळं ह्याच्यावरच हाय म्हणते, अन् असे कपडे घेऊन जाईन? लोक काय म्हणतील तिले? सांभाळा म्हणाली, तर सांभाळू ना चांगले.

तीन तास लागले. साबण, ब्रश, गरम पाणी. एक एक डाग दगडावर घासून काढला. वरून नीळ दिली. धोतरांले खळ केली. खिसा असा शिवला की कुठं फाटला होता ते सापडू नये. सगळं दोरीवर टाकलं अन् कंबर धरून पाहत बसले. बगळ्यासारखे पांढरे! लय समाधान वाटलं.

दुपारी फाटक वाजलं. दीपमाला दोरीपाशी आली अन् तिची पिशवी हातातून खालीच पडली.

"काकू... हे कोणी केलं?"

"कोण करीन? मीच. आता आभार मानत बसू नको, जेवून घे."

ती तिथंच ओट्यावर बसली. मुंबईत राहून भाषा साफ झालेली पोरगी, पण रडू आलं की बुलढाणा बाहेर येते. "मी मेली, काकू. तो मळ मी बनवला होता वं! नवं कापड आणून, चहाच्या पाण्यात उकळून, माती चोळून, तेल लावून. तीन आठवडे लागले मले. सीन अर्धा झाला हाय. माणूस ओट्यावरून उठतो मळक्या सदऱ्यात, अन् उद्या दारातून बाहेर जाईन तो असा पांढराफेक. डायरेक्टर मले उद्याच मुंबईच्या गाडीत बसवीन."

मले आधी राग आला. मळ बनवतात का कोणी? सांगाले काय झालं होतं? पण तिचा चेहरा पाह्यला अन् राग विरला. पोरीचं नऊ वर्षांचं काम मी तीन तासांत दगडावर आपटलं होतं.

"दुसरे कपडे?"

"दुसरा जोडही तुम्ही धुतला."

"फोटो?"

फोटो होते. समोरून चांगले होते, पण पाठीचा एकच, अन् तो अंधारातला. उद्याचं शूटिंग सगळं पाठीमागून घ्यायचं होतं. तिनं तो फोटो मोठा केला, लहान केला, अन् मोबाईल बाजूले ठेवला. "पाठ मले नीट आठवत नाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मले आठवते."

खरंच सांगते, मले आठवत होती. डोळ्याले नाई, हाताले. उजव्या खांद्यावर चार बोटं रुंद तेलाचा डाग, तीनदा साबण लावला तेव्हा हलला. मणक्यावर घामाची रेघ, वर रुंद अन् खाली निमुळती. डाव्या कुशीले मातीचा पंजा, अंगठा वरच्या बाजूले. जो डाग जितका झगडला, तितका तो माझ्या ध्यानात राह्यला.

मग चूल पेटवली. आधी नीळ अन् खळ जावी म्हणून सदरे-धोतरं गरम पाण्यातून काढली, मग चहाचं पाणी उकळलं. भगवंतराव वावरातून घमेलंभर काळी माती घेऊन आले. मी बोट ठेवत गेले, ती रंगवत गेली. "इथं नाई, दोन बोटं खाली. अजून गडद. हाव, असाच होता." खिशाची माझीच शिलाई मीच ब्लेडनं उसवली, अन् जीव कसा झाला ते मलेच माहीत. दिवेलागणीले दोरीवर परत तेच घाणेरडे कपडे लटकून राह्यले होते, अन् ते पाहून आम्ही दोघी हसत होतो. माझ्या अंगणात घाण पाहून मी हसले, हे पहिल्यांदाच.

सोमवारी मी गर्दीत उभी होते. माणूस दारातून पाठमोरा बाहेर गेला. मी देवाचं नाव घेत फक्त त्याचा खांदा पाहत होते. डायरेक्टर म्हणाला, "चला, पुढचं घ्या." सदऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाई. दीपमालानं लांबून माझ्याकडं पाह्यलं अन् दोन्ही हात जोडले.

एकतीस डिसेंबरले आम्ही ओट्यावर बसलो. फोन मधात ठेवला. दीपमालानं तिची यादी वाचली. मल्याळी भाषेतला एक सिनेमा, मुंबईतलं एक नाटक, बीबीच्या सप्ताहातलं भारूड. चार नंबरवर आमच्या भगवंतरावांचं टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडणं! ते फुगून बसले. मग नारायणरावांनी त्यायची यादी वाचली. एक नंबरवर कोणतं तरी कीर्तन. पोरीच्या कामाचं नाव यंदाही नाई.

दीपमालानं वही मिटली. सदऱ्याची गोष्ट तर तिनं बापाले सांगितलीच नव्हती. माझं मात्र डोकं फिरलं. मी फोन ओढून घेतला.

"नारायणराव, मी बीबीची मंजुळाबाई बोलते. कपडे लक्षात येत नाईत म्हणता ना? तुमच्या पोरीनं नव्या कापडावर मळ बनवला, तो मी खरा समजून धुतला! चाळीस वर्षं मळाशीच माझी लढाई हाय, मले ओळखता आला नाई. आता लिहा काय लिहायचं ते!"

तिकडून खडू घासल्याचा आवाज आला.

"कीर्तन दोन नंबरवर घेतलं," नारायणराव म्हणाले. "एक नंबर वाचतो. दीपमालानं मळवलेला सदरा. बीबीच्या मंजुळाबाईनं धुतला."

दीपमालानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं अन् हमसून हमसून रडली. नारायणरावांनी टेबलाचा फोटो पाठवला, तो तिनं मले दाखवला. पहिल्या ओळीत तिचं नाव होतं, अन् त्याच ओळीत माझं. इतकी वर्षं धुणं धुतलं, पण कोणी नंबर दिला नव्हता. तो फोटो मी माझ्याही मोबाईलवर घेऊन ठेवला.