दोन गऱ्या आणि एकच जिताडा

माझ्यापायी सासरची अकरा माणसं एकदा दुपारभर उपाशी राहिली. त्या वेळी मी अलिबागला कचेरीत नवा कारकून होतो, म्हणजे शहाणाच होतो!

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी गेलो होतो. तिकडची रीत अशी, की जावयासाठी घरच्या तळ्यात एक जिताडा राखून ठेवायचा आणि जावई जेवल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही. सासरे, म्हणजे मामा, दोरी आणि गरी घेऊन मासा काढायला निघाले. मी आडवा आलो.

"मामा, मासा मीच काढणार! काढीन तेव्हाच पाटावर बसेन!" (बायकोवर छाप पाडायची होती, दुसरं काय!)

दोरीला एकच आकडा पाहून मला हसू आलं. "एकच गरी? दोन लावू! दुप्पट मासे!"

"जावय, तल्यात जिताडा येकच हाय," मामा म्हणाले. "दुसरी गरी कुठं अडकंल त्याचा नेम न्हाय."

तरी मी वावभर, म्हणजे चार हात अंतरावर दुसरी गरी बांधलीच. दोन्हींना जिवंत कोळंबी लावली. पहिल्या फेकीला एक गरी शेवाळात रुतली. दुसऱ्या फेकीला एक थेट माडाच्या झावळीत! मेव्हणा उपाशीपोटी माडावर चढला.

बारा वाजले, एक वाजला. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, हाक मारली, "जावय, भात गार झाला वो!"

"मासा निघू दे!"

दोन वाजता धाकटी मेव्हणी रडायला लागली. मामा हळूच म्हणाले, "चार घास खाऊन या, मंग काढा."

"शब्द म्हणजे शब्द, मामा!"

तीनच्या सुमारास मी सगळा जोर लावून दोरी फिरवली. एक गरी तळ्यात पडली आणि दुसरी माझ्या नव्या पँटीत, अगदी बैठकीच्या जागी रुतली! ती सोडवायला हात मागे नेतोय, तोच पाण्यातली गरी जिताड्यानं गिळली. हिसक्यासरशी मी पाठमोरा तळ्यात! तो पळेल तिकडे मी, तेही उलटा!

"पँट सोडा!" बायको काठावरून ओरडली.

"मासा सोडणार नाही!" मी नाकातोंडात पाणी जात असताना ओरडलो.

शेवटी मामा पाण्यात उतरले, मधली दोरी धरली आणि दोघांनाही काठावर ओढलं. आधी मासा सोडवला, मग मला.

चार वाजून गेल्यावर मामांचं धोतर नेसून मी पाटावर बसलो. मी पहिला घास घेतला मात्र, अकरा जणं भातावर तुटून पडली. कुणी मान वर करून माझ्याकडे पाहीना. मला खरोखर लाज वाटली.

मामींनी पिढ्यान्‌पिढ्यांची ती रीत त्याच दिवशी मोडली. तेव्हापासून मी येणार असलो, की घरातले सगळे आधी पोटभर जेवून घेतात आणि मगच कुणीतरी मला आणायला एस.टी.वर येतं!